दुखत नाही, म्हणून

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही शाळेत जाऊन बाबा आमटे कोण, असं विचारा. चौथी-पाचवीतली पोरंही हात वर करतात. वरोऱ्याचं आनंदवन, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, सगळं सांगतात. त्याच वर्गात कुष्ठरोग कशानं होतो, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग कुणी रक्त खराब झाल्यानं म्हणतं, कुणी मागच्या जन्मीच्या पापानं, कुणी घराण्यात असला की होतो म्हणतं. मोठ्या माणसांची उत्तरं याहून फार वेगळी नसतात. कुष्ठसेवेचं एवढं मोठं काम ज्या मातीत उभं राहिलं, तिथे तो आजार मात्र अनोळखीच राहिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे पुस्तक त्या वाईट वाटण्यातूनच आलं आहे. यात सेवेच्या गोष्टी कमी आहेत आणि आजार जास्त आहे.

पुस्तक वडसा, म्हणजे देसाईगंज आणि आसपासच्या तालुक्यांतला वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. वैनगंगेच्या काठचं हे गाव गोंदिया-नागभीड-बल्लारपूर रेल्वेमार्गावर आहे. कितीतरी दशकं गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे होती ती एवढीच. कुरखेडा, कोरची, आरमोरीकडची माणसं बाजाराला, धान विकायला, गाडी धरायला इथे येतात. नदी ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं हे मुख्य ठाणं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा सुरू झाल्या की होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात आणि त्यांचं बुकिंग वडशातून होतं. गर्दीचं, येण्या-जाण्याचं गाव आहे हे. आणि गडचिरोली-चंद्रपूर हे राज्यात कुष्ठरोगाचे रुग्ण जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहेत. आजार इथे आहे. तो इतिहासजमा झालेला नाही.

तरी तो दिसत का नाही? माझ्या मते या आजाराबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट तीच आहे. तो दुखत नाही.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात कधी जातो, ते आठवून पाहा. ताप चढला, पोटात कळ आली, विळा लागून रक्त थांबेना, तेव्हा. रोवणीच्या दिवसांत पाठीवरच्या एका फिकट डागासाठी मजुरी बुडवून कोणी वडशाच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत बसत नाही. त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही. डाग खाजत नाही, ठणकत नाही, काम अडवत नाही. पाठीवर असला तर स्वतःला दिसतही नाही. दिसलाच तर गजकर्ण समजून मेडिकलमधून मलम आणलं जातं, नाहीतर पुजाऱ्याकडे दाखवलं जातं. वर्ष-दोन वर्षं अशी सहज निघून जातात. आणि कुष्ठरोगात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या वर्ष-दोन वर्षांतच बिघडतं.

हा आजार एका जंतूमुळे होतो. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड हॅन्सन या डॉक्टरने १८७३ साली तो शोधला. एखाद्या जंतूमुळे माणसाला दीर्घ आजार होतो, हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या शोधांपैकी हा एक. क्षयाचा जंतू त्यानंतर नऊ वर्षांनी सापडला. दोन्ही जंतू एकाच कुळातले, पण कुष्ठाचा जंतू विलक्षण सावकाश वाढतो. इतर कितीतरी जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, याला सुमारे दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजही वाढवता येत नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात तो वाढवता आला, नंतर आर्माडिलो या अमेरिकेतल्या प्राण्यात. या जंतूला थोडी थंड जागा लागते. म्हणून तो आतड्यांत किंवा काळजात घर करत नाही, त्वचेत आणि त्वचेलगतच्या नसांत करतो, नाकात करतो, कानाच्या पाळीत करतो. शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात. कधी वीसही जातात.

एवढं समजलं की कितीतरी प्रश्न आपोआप सुटतात. लागण कुठून झाली ते रुग्णाला सांगता येत नाही, कारण ती घटना पाच-दहा वर्षांपूर्वीची असते. मग माणूस कालच्या खाण्यात, परवाच्या भांडणात, कोणाच्या तरी करणीत कारण शोधतो. एका घरात दोघांना झाला तर लोक ‘रक्तातून आला’ म्हणतात. खरं तर तो रक्तातून येत नाही, आईबापांकडून वारशानं येत नाही. औषध न घेतलेल्या, भरपूर जंतू असलेल्या माणसाच्या नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या तुषारांमधून, दीर्घ आणि जवळच्या सहवासात तो पसरतो. घरातल्यांना धोका जास्त असतो तो यामुळे. हात मिळवल्यानं, एका पंगतीत बसल्यानं, एकाच विहिरीचं पाणी भरल्यानं लागण होत नाही. शिवाय शंभरातल्या नव्वदाहून अधिक माणसांच्या अंगात या जंतूला रोखण्याची ताकद जन्मतःच असते. जंतू येतो आणि मरून जातो, माणसाला कळतही नाही. गावाबाहेर झोपडी बांधून देण्याची शिक्षा ज्या आजारासाठी शतकानुशतकं दिली गेली, तो संसर्गजन्य आजारांमध्ये सर्वांत दुबळ्यांपैकी एक आहे.

आता चट्ट्याकडे येतो. आशाताई घरभेटीला येतात तेव्हा नेमकं काय तपासतात, हे प्रत्येक घराला माहीत असावं असं मला वाटतं, म्हणून इथेच सांगतो. उजेड हवा, म्हणून माणसाला अंगणात किंवा ओसरीवर बसवतात. बाईमाणसाला आडोसा करून तपासतात. चट्टा फिकट असतो किंवा लालसर, तांब्याच्या रंगाकडे झुकणारा. पांढराशुभ्र असेल तर तो बहुधा कोड, त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. एका बॉलपेनच्या टोकाने आधी चांगल्या त्वचेला हलकेच स्पर्श करतात आणि सांगतात, जिथे लागलं तिथे बोट ठेवा. माणूस पाहून बोट ठेवतो. मग डोळे मिटायला लावतात. दंडावर स्पर्श, बोट बरोबर. खांद्यावर स्पर्श, बोट बरोबर. मग चट्ट्याच्या मधोमध स्पर्श होतो आणि हात मांडीवरच राहतो. पुन्हा स्पर्श करतात. तो डोळे मिटूनच विचारतो, “लावा ना, थांबले काहून?” त्या क्षणी निदान झालेलं असतं. रक्त नको, फोटो नको, नागपूरला जायला नको. त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांनी चाचपतात. कधी ती सुतळीएवढी जाड लागते. मग गुडघ्याच्या बाहेरची, घोट्याच्या मागची.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ‘बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग’ हे भिंतीभिंतींवर रंगवलेलं वाक्य बरोबर आहे, पण अपुरं आहे. ज्यांच्या अंगात जंतू सर्वाधिक असतात, त्यांचे चट्टे पुष्कळदा पुसट असतात आणि बधिरही नसतात. त्यांची त्वचा तेलकट चमकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात, भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होतात. गावात त्याला ‘तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आलं’ असंही म्हटलं जातं. लागण पसरते ती प्रामुख्याने यांच्याकडून, आणि चट्टा शोधणाऱ्या नजरेतून नेमके तेच सुटतात. या पुस्तकात त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे. घाईत असलेल्या वाचकाने निदान तेवढं वाचावं.

आणि झडलेली बोटं? कुष्ठरोग म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते? जंतू बोटं खात नाही, मांस सडवत नाही. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत हे धीराने दाखवून दिलं. त्यांनी रुग्णांच्या रोजच्या हालचाली पाहिल्या. माणूस गरम भांडं फडक्याशिवाय उचलतो, काटा मोडलेल्या पायाने कोसभर चालतो, झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जागा होत नाही. बोट जातं ते जखमेमुळे, आणि जखम वाढते ती दुखत नाही म्हणून. धानाच्या शेतीत हे किती सहज घडत असेल, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चिखलात दिवसभर उभं राहायचं, कापणीला विळा, चुलीपुढे जळतं लाकूड हातानेच पुढे सारायचं, जंगलात मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला अनवाणी जायचं. या कामांत आपल्याला सांभाळते ती वेदना. ती नसली की जे काम पोट भरतं तेच हात-पाय खातं.

नसेचं दुसरं नुकसान स्नायूंचं. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात, रोपाची जुडी मुठीत नीट धरता येत नाही. गुडघ्याजवळची गेली की पाऊल उचलत नाही, चालताना फरफटतं. चेहऱ्यावरची गेली की डोळा पूर्ण मिटत नाही, त्यात धूळ-भुसा जातो आणि हळूहळू नजर जाते. यातलं बरंचसं टाळता येतं आणि काही शस्त्रक्रियेने दुरुस्तही होतं. फिरवलेल्या स्नायूच्या जोरावर वाकडी बोटं पुन्हा सरळ करण्याची शस्त्रक्रिया ब्रँड यांनीच रूढ केली.

औषधाची गोष्ट मी थोडक्यात आटोपतो, कारण ती आता सोपी आहे. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, पण ते वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावं लागे आणि जंतू त्याला सरावत गेले. १९८१ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र देण्याची पद्धत, म्हणजे एमडीटी, सुचवली. भारतात ती जिथे अगदी आधी सुरू झाली, त्या जिल्ह्यांत आपला शेजारचा वर्धा होता. चट्टे पाचपर्यंत असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पहिल्या मात्रेतच बहुतेक सगळे जंतू मरतात आणि थोड्याच दिवसांत त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही.

अडचणी येतात त्या वेगळ्याच. रिफॅम्पिसिन घेतलं त्या दिवशी लघवी लाल होते आणि माणूस घाबरतो. क्लोफॅझिमिनने चेहरा काळवंडतो. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग परत येतो, पण लग्नाच्या वयाच्या मुलीला ते काही महिने फार मोठे असतात. हे आधी सांगितलं नाही तर ती गोळ्या परसात फेकून देते. दुसरी अडचण स्थलांतराची. धान निघालं की इथली कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, दोन-तीन महिने परतत नाहीत. जाताना पुढच्या महिन्यांची पाकिटं सोबत देता येतात. मात्र तसं विचारायचं धाडस रुग्णाला व्हायला हवं, आणि दवाखान्यातल्यांना ती द्यायचं सुचायला हवं.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. औषध चालू असताना, कधी संपल्यावरही, अचानक चट्टे सुजून लाल होतात, ताप येतो, नस ठणकू लागते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने उठवलेली ही उसळी असते. लोक म्हणतात, औषध बाधलं, आणि ते बंद करतात. न दुखणारा हा आजार दुखतो तो इथे, आणि इथे मात्र एक दिवसही थांबू नये. वेळेवर स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर नस वाचू शकते. नुकताच आलेला, सहा महिन्यांच्या आतला बधिरपणा किंवा अशक्तपणा पुष्कळदा परतवता येतो, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. एमडीटी चालूच ठेवायची असते.

मग एवढं सगळं हाती असताना आजार उरला कसा? याचं उत्तर आकड्यांच्या हिशेबात थोडं दडलेलं आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशाने जाहीर केलं की कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आहे. ती मोठी कामगिरी होती, यात शंका नाही. पण हे प्रमाण मोजतात ते त्या वेळी उपचार घेत असलेल्यांचं. उपचार कित्येक वर्षांवरून सहा-बारा महिन्यांवर आला की नव्याने सापडणारे रुग्ण तेवढेच राहिले तरी यादी आखूड होते. लोकांनी मात्र ‘कुष्ठरोग संपला’ एवढंच ऐकलं. त्याच काळात कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली. घरोघर फिरून अंग तपासणारे, चट्टा ओळखण्यात हात बसलेले कर्मचारी निवृत्त होत गेले आणि रुग्णाने स्वतःहून यावं अशी अपेक्षा धरली गेली. ज्याला काही दुखतच नाही, त्याने! मला वाटतं या आजाराच्या बाबतीत झालेली सर्वांत महाग चूक हीच. २०१६ पासून घरोघर शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या आणि लपलेले रुग्ण बाहेर आले. आज जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, लाखाच्या वर. गावात एखाद्या लहान मुलाला चट्टा सापडला तर समजावं की जवळच कुणीतरी औषध न घेतलेला माणूस आहे, आणि त्याला अजून कुणी भेटलेलं नाही.

विदर्भाने हे शोधत जाण्याचं शास्त्र एकेकाळी देशाला शिकवलं आहे. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम उभारलं. सेवाग्रामात गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं आणि डॉ. वर्देकरांनी तीन गोष्टींची सांगड घातली: घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि रुग्णाच्या गावातच उपचार. रुग्णाला संस्थेत आणून ठेवण्याऐवजी औषध त्याच्या दारी नेणं ही त्या काळात मोठी झेप होती.

त्याच वर्षी विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन हा आजार शिकून आले होते, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घ्यायचीही तयारी दाखवली होती. त्यांच्या कामाचा गाभा कष्ट हा होता. बरी झालेली माणसं विहिरी खोदत होती, शेती करत होती. १९६७ पासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला, भर धानाच्या मुलखात, त्यांनी शेती उभी केली. ज्या हातांना गावाने भीक मागायला लावलं होतं, त्या हातांनी पिकवलेलं धान तिथे कोठारात आलं. आपण मात्र त्या इतिहासातून करुणा तेवढी उचलली आणि अभ्यास मागे ठेवला. करुणेने माणूस आश्रमापर्यंत पोहोचतो. तो आश्रमापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये, यासाठी लागतो तो अभ्यास.

कायदाही उशिराच वळला. १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा इंग्रजी अंमलातला कायदा संसदेने २०१६ मध्ये रद्द केला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये गेली. त्याआधी किती बाया या एका कारणावरून माहेरी पाठवल्या गेल्या, त्यांची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही. कायदा बदलला तरी सासरी सांगायचं की नाही, हा प्रश्न बाईच्या मनात आजही असतो, आणि दवाखान्यात यायला तिला पुरुषापेक्षा जास्त उशीर होतो त्याचं एक कारण तेच आहे.

हे पुस्तक कसं वाचावं, याबद्दल दोन शब्द. पहिला भाग घरासाठी आहे. त्यातली चित्रं पाहून घरातल्यांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांची पाठ पाहावी. ३० जानेवारीला गांधीजींच्या स्मृतिदिनी शाळांतून आणि ग्रामसभांतून कुष्ठरोगाची प्रतिज्ञा घेतली जाते, तेव्हा झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम भरात असतो आणि माणसं गावात असतात. तो दिवस यासाठी चांगला. घरात कोणाला रोग निघाला तर बाकीच्यांनी तपासणीला नकार देऊ नये. रोग नसलेल्या सहवासितांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिली जाते, तिने पुढे आजार होण्याची शक्यता कमी होते. दुसरा भाग आशाताई, शिक्षक आणि आरोग्यसेवकांसाठी आहे, त्यात नसांची तपासणी सविस्तर दिली आहे.

तिसरा भाग ज्यांचं औषध पूर्ण झालं आहे, पण ज्यांच्या हातापायांतला बधिरपणा उरला आहे, त्यांच्यासाठी आहे, आणि लिहिताना मी सर्वाधिक वेळ त्यालाच दिला. जंतू मेले म्हणून गेलेली नस परत येत नाही. घाम न आल्याने तळपाय कोरडा पडतो, भेगा पडतात, भेगेतून जखम होते. त्यावर इलाज घरातलाच आहे. रोज संध्याकाळी घमेल्यात साधं पाणी घेऊन वीस-तीस मिनिटं पाय बुडवून बसायचं. गरम पाणी नको, कारण चटका कळणार नाही. मऊ झालेली जाड कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची, पाणी निथळलं की ओलसर पायावरच खोबरेल किंवा टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावायचं. मग उजेडात तळवा पाहायचा, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला पाहायला सांगायचं. लाल, गरम किंवा सुजलेली जागा दिसली तर दोन दिवस तो पाय टेकायचा नाही. मऊ तळाच्या एमसीआर चपला आरोग्य विभागाकडून मिळतात, त्या मागून घ्यायच्या आणि पट्ट्यावर खिळा मारायचा नाही, शिवून घ्यायच्या. बधिर हाताने चुलीवरचं भांडं धरताना फडकं, विळ्याच्या मुठीला जाड कापडाचा वेढा, विडी ओढत असाल तर ती सोडणं, कारण बोटांमधला निखारा तुम्हाला कळणार नाही. या भागातली चित्रं मुद्दाम मोठी छापली आहेत, म्हणजे चष्मा नसलेल्यालाही कंदिलाच्या उजेडात ती दिसतील.